शिवरात्रीची कडू रताळी



महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी आपली सगळ्यांची धावपळ सारखीच असते. साबुदाणा भिजत घातला का, दाण्याचं कूट आहे का, वरीचे तांदूळ निवडून झाले का, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे रताळी आणली का? त्या दिवशी बाजारात रताळ्यांचे नुसते ढीग असतात. गर्दी इतकी की पारखून घ्यायला सवडच होत नाही. भाजीवाली तागडीत टाकते, आपण पिशवी पुढे करतो. झालं!

मी तरी काय वेगळं करत होते? तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. आमच्या गावच्या बाजारातून शिवरात्रीसाठी दोन किलो रताळी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी चिरायला बसले, तर चार-पाच रताळ्यांना टाचणीने टोचावीत तशी बारीक बारीक भोकं. एक कापलं, तर आत काळपट बोगदा. आता आपला हात किती काटकसरी असतो ते मी तुम्हांला सांगायला नको. ‘एवढंसं काढून टाकलं की झालं!’ असं म्हणून किडका भाग विळीने उडवला, उरलेल्याच्या छान चकत्या केल्या. त्यावर साजूक तूप, गूळ, वेलदोड्याची पूड. घरभर वास सुटला.

माझ्या सासूबाईंचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. साबुदाणा त्यांना सोसत नाही, शेंगदाणे चावत नाहीत. त्यांच्या उपासाची सारी भिस्त रताळ्यांवर. ताट पुढे केलं. धाकट्याने पहिला घास घेतला आणि “शी, कडू!” म्हणून मोरीकडे पळाला. मी त्यालाच रागावले. सासूबाई मात्र मुकाट्याने खात होत्या. शेवटी मी एक चकती तोंडात टाकली. अहो, कडूजहर! तूप नाही, गूळ नाही, काही म्हणजे काही लागेना. मी म्हटलं, “आई, टाका ते!” तर म्हणाल्या, “राहू दे गं, उपासाचं पानात टाकू नये.”

त्यांच्या हातातलं ताट मी काढून घेतलं. पण तो अख्खा दिवस त्या माउलीने कपभर दुधावर काढला. माझ्या जिवाला ते फार लागलं.

पुढच्या बाजाराला मी तरातरा त्या भाजीवालीकडे गेले. चारचौघांत तिला नाही नाही ते बोलले. ‘सणासुदीला किडका माल गळ्यात मारतेस’ इथपर्यंत! ती बिचारी निमूट ऐकून घेत होती. माझं बोलून झाल्यावर तिने पाटीतलं एक रताळं उचललं, मोडलं आणि माझ्यापुढे धरलं. म्हणाली, “वैनी, ही रताळी दीड म्हैन्याखालीच काढाय पायजे हुती. पर तवा कोन घेतंय? समदी म्हनली, शिवरातीला भाव हाय. म्हनून ठिवली भुईत. पानी तोडलं, भुईला भेगा पडल्या, आन् सोंड्या शिरला. निम्म्या मालाला गुरं बी तोंड लावंनात. तुमचं दोन किलो गेलं, माजं निम्मं रान गेलं.”

माझी मान खाली गेली. त्या मावशीने रताळी कोणासाठी थांबवून ठेवली होती? माझ्यासाठीच की! वर्षभर ढुंकून न पाहणारे आपण एकाच दिवशी सगळ्याजणी रताळी मागतो, म्हणून ती जमिनीत वाट पाहत राहतात, आणि तेवढ्यात किडा आपलं काम साधतो. त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागेच लागले. माझे एक मावसदीर शेतकी महाविद्यालयात शिकवायचे. त्यांना पुरतं भंडावून सोडलं. मावशीकडूनही पुष्कळ शिकले. तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

हा सोंड्या कोण?

रताळ्यावरचा हा सोंडकिडा दिसायला मुंगीसारखा असतो. लांबी जेमतेम पाच-सहा मिलिमीटर. डोकं आणि पंख निळसर काळे, मधला भाग आणि पाय तांबूस, पुढे लांब सोंड. पाहिलंत तर म्हणाल, मुंगळाच आहे. मादी वेलाच्या बुडाशी किंवा रताळ्याच्या सालीत सोंडेने खळगा करते, त्यात एक अंडं घालते आणि वरून आपल्या विष्ठेचं बूच बसवते. अंड्यातून पांढरी, बिनपायांची अळी निघते. ती रताळं पोखरत आत जाते, आतच कोष करते आणि त्यातून तयार झालेला किडा बाहेर पडतो. म्हणजे आपल्याला बाहेरून भोक दिसतं तेव्हा आतला कारभार पुष्कळदा उरकलेलाही असतो! उबदार हवेत या साऱ्याला साधारण महिना-सव्वा महिना लागतो, आणि मग पुढची पिढी सुरू.

एक गोष्ट मात्र आपल्या फायद्याची आहे. या किड्याला माती उकरता येत नाही. रताळं मातीखाली नीट झाकलेलं असेल, तर त्याला तिथवर पोहोचायला वाट सापडत नाही. पण जमीन वाळून तिला भेगा पडल्या, किंवा रताळी फुगून मातीबाहेर डोकावू लागली, की तो सरळ आत उतरतो. आपली काळी जमीन उन्हाने कशी भेगाळते ते ठाऊकच आहे. आणि पीक तयार होऊनही जितके दिवस जमिनीत राहील, तितकी कीड वाढत जाते. मावशी सांगत होती ते अक्षरशः खरं होतं.

भोक एवढंसं, कडूपणा मात्र दूरवर

आता मुख्य मुद्दा. मी किडका भाग काढून टाकला होता, तरी चकत्या कडू का झाल्या?

त्याचं कारण असं, की रताळं जमिनीतून काढल्यावरसुद्धा जिवंत असतं. अळीने त्याला कुरतडलं की ते आपल्या बचावासाठी कडू आणि उग्र वासाची द्रव्यं तयार करतं. ही द्रव्यं टर्पीन जातीची असतात. रंगकामाला वापरतात त्या टर्पेंटाइनच्या वासाची आठवण यावी, असा वास किडक्या रताळ्याला येतो तो त्यामुळेच. ही द्रव्यं बोगद्यापुरतीच राहत नाहीत, भोवतालच्या चांगल्या दिसणाऱ्या गरातही असतात. म्हणून एखाद-दुसरी अळी लागलेलं रताळंही खाण्यालायक राहत नाही. उकडा, भाजा, तुपात परता, पाकात घाला, तो कडूपणा काही जात नाही. जीभ जे सांगते ते ऐकावं, हेच खरं.

तेव्हा रताळ्याच्या बाबतीत ‘किडकं काढून उरलेलं वापरावं’ ही आपली काटकसर उपयोगाची नाही, बरं का! एका रताळ्यापायी तूप, गूळ आणि गॅस फुकट जातो, शिवाय घरातलं माणूस उपाशी राहतं ते वेगळंच. कडू लागलेलं रताळं वाया जाऊ नये म्हणून आपणच संपवायचं, ही सवय तर मुळीच नको. आपल्या घरांतून असं शिळंपाकं, बिघडलेलं शेवटी कोणाच्या पानात जातं, ते मी लिहायला हवं का?

आणखी एक. किडकी किंवा बुरशी आलेली रताळी दारच्या गाईला घालू नका. सणाच्या दिवशी गाईच्या मुखी घास जावा म्हणून आपण भक्तिभावाने देतो, पण कुजक्या, बुरसट रताळ्यांत तयार होणारं विष गुरांच्या फुप्फुसांवर हल्ला करतं आणि जनावर धापा टाकत दगावूही शकतं. अशी रताळी परसातल्या खताच्या खड्ड्यात टाकली तर किडे तिथून बाहेर पडतात. खोल पुरावीत, नाहीतर जाळून टाकावीत. ब्लॉकमध्ये राहत असाल, तर पिशवीला घट्ट गाठ मारून कचऱ्यात द्यावीत.

घेताना काय पाहाल?

१. आधी देठाकडचं टोक पाहा. किडा वेलावरून खाली उतरतो, त्यामुळे पहिली खूण बहुधा तिथेच सापडते.

२. टाचणीएवढी भोकं, काळपट ठिपके किंवा खोलगट डाग दिसले तर ते रताळं बाजूला ठेवा. मातीने भरलेल्या रताळ्यावर भोक दिसत नाही, म्हणून अंगठ्याने माती पुसून पाहायला लाजू नका.

३. हातात घेऊन दाबा. चांगलं रताळं टणक आणि वजनाला भरीव लागतं. एखादी जागा भुसभुशीत लागली, की आत पोकळी आहे असं समजावं.

४. नाकाशी धरा. मातीचा वास चालेल, टर्पेंटाइनसारखा उग्र वास नको.

५. फार मोठ्या रताळ्यांच्या मोहात पडू नका. मध्यम आकाराची, सालीला चिरा नसलेली निवडा.

६. घरी आणल्यावर एक आडवं कापून पाहा. गर सगळीकडे एका रंगाचा हवा. तपकिरी किंवा हिरवट काळ्या रेघा दिसल्या, तर उरलेली एकेक करून तपासा.

शिजवण्यापूर्वी प्रत्येक रताळ्याचा कच्चा कपटा जिभेला लावून पाहायची मला आता सवयच लागली आहे. उपास असेल त्या दिवशी घरातल्या मुलांकडून हे काम करून घेते. त्यांनाही मौज वाटते!

साठवणीचं म्हणाल तर रताळी धुऊन ठेवू नका. टोपलीत, वारा लागेल अशा जागी, एकावर एक फार न रचता ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घामेजतात आणि कुजतात. कच्ची रताळी फ्रीजमध्येही ठेवू नयेत. थंडीने आतला गर कडक होतो आणि शिजवला तरी मऊ पडत नाही. आणि एक किडकं रताळं टोपलीत राहिलं, तर त्यातला सोंड्या शेजारच्या रताळ्यांत शिरतो. दर तीन-चार दिवसांनी टोपली उलटीपालटी करावी, हे बरं.

बटाट्याची गोष्ट वेगळी

हे वाचून तुम्ही म्हणाल, मग किडका बटाटाही टाकायचाच का? थांबा, तिथे थोडा फरक आहे.

बटाट्याला त्रास देते ती एक लहानशी करड्या-तपकिरी रंगाची पाकोळी. ही मूळची आपल्याकडची नव्हेच. १९०६ साली इटलीहून बियाण्याचे बटाटे मुंबई इलाख्यात आले, त्यांच्याबरोबर ही पाहुणी आली आणि कायमची राहिली! शेतात बटाटे उघडे पडले की ती त्यांच्या डोळ्यांजवळ अंडी घालते. अळी डोळ्यातून आत शिरते आणि सालीखाली वेडेवाकडे बोगदे करते. डोळ्यापाशी काळसर भुसा आणि त्याला चिकटलेलं बारीक जाळं दिसलं, की ओळखावं, आत मुक्काम आहे.

पुणे जिल्ह्यात मंचरकडे शेतकरी बटाट्याची आरण लावतात. म्हणजे झाडाच्या सावलीत ढीग करून तो झाकून ठेवतात. अशा ढिगात ही अळी शिरली तर तिच्या मागोमाग कुजही येते. बेण्याच्या बटाट्यांवर घाणेरीच्या सुक्या पाल्याचा थर देण्याची पद्धत आहे, ती या पाकोळीला दूर ठेवण्यासाठीच. पण घाणेरी विषारी असते. तेव्हा आपल्या स्वयंपाकघरातल्या बटाट्यांत तो पाला घालू नका हं!

बटाटा टणक असेल, बोगदा ताजा आणि वरच्यावर असेल, कुजट वास नसेल, तर तेवढा भाग भोवतालच्या थोड्या गरासकट खोल काढून उरलेला भाजीला वापरायला हरकत नाही. रताळ्यासारखा तो कडू झालेला नसतो. मात्र बोगद्याभोवती ओल सुटली असेल, गर काळा आणि लिबलिबीत झाला असेल, तर तो टाकूनच द्यावा. आणि हिरवा पडलेला बटाटा? तो किडीचा नव्हे, उजेडाचा परिणाम. पण हिरवेपणाबरोबर त्यात सोलानिन हे कडू विषारी द्रव्य वाढतं, आणि ते उकडूनही जात नाही. थोडासा हिरवेपणा असेल तर साल जाड काढावी. पुष्कळ हिरवा असेल किंवा कडू लागला, तर मोह सोडावा.

उन्हाळ्यात पापड-किसासाठी आपण बटाट्याची गोणी घेतो. घरी येताच ती जमिनीवर ओता आणि निवडा. डोळ्याला भुसा असलेले, कापलेले, ओले बटाटे आधी वेगळे करा. चांगले बटाटे अंधाऱ्या, कोरड्या जागी पसरून त्यांवर जुनं स्वच्छ सुती पातळ झाका. उजेडही अडतो आणि पाकोळीही. दर आठवड्याला एकदा हात फिरवा. मुंग्या-झुरळांची पावडर मात्र त्यांवर चुकूनही टाकू नका. किडा मरेल न मरेल, पण विष आपल्याच पोटात जाईल.

बाकीची मंडळी

बटाट्याला उथळ पण रुंद खड्डे दिसले तर ते बहुधा हुमणीचं काम असतं. ही पांढरी, जाडजूड, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली अळी जमिनीत राहून मुळं आणि कंद खाते. खड्डा सुकून खरबरीत झाला असेल तर तो कापून बाकीचा बटाटा खुशाल वापरा.

मुळ्याच्या पाल्यावर मावा पडला की मुळा नीट पोसत नाही, कारण कंदाला लागणारं अन्न पाल्यातच तयार होतं. म्हणून मुळा घेताना पाला पाहून घ्यावा. गाजराला दोन-तीन पाय फुटलेले दिसतात, त्याचा दोष मात्र किड्यांना देऊ नका. जमिनीतले खडे किंवा डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमी त्याला कारण असतात. असं गाजर सोलायला कटकटीचं, पण खायला वाईट नव्हे.

परसात रताळी लावायची असतील तर

ज्यांच्या मागे थोडी जागा आहे त्यांनी रताळी जरूर लावून पाहावीत. चार गोष्टी सांभाळा. बेण्यासाठी वेलाचा शेंड्याकडचा कोवळा तुकडा घ्या. बुडाकडच्या जुन्या भागात किड्याची अंडी असण्याचा संभव जास्त. महिन्याभराने बुडाला मातीची भर द्या आणि पुढेही रताळी उघडी पडू देऊ नका. जमीन भेगाळेपर्यंत पाणी तोडू नका. जातीप्रमाणे साडेतीन-चार महिन्यांत रताळी तयार होतात. ती वेळेवर काढा, जमिनीत एकही तुकडा ठेवू नका, आणि पुढच्या वर्षी जागा बदला.

आता शेतकऱ्यांसाठी आणखी एक युक्ती निघाली आहे. मादी किड्याच्या अंगचा गंध नराला बोलावतो. तो गंध कोणत्या द्रव्याचा, हे १९८६ साली शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. तेच द्रव्य लावलेले सापळे शेतात ठेवले की नर किडे फसून त्यात पडतात. आपल्याकडे तिरुअनंतपुरमला १९६३ पासून केंद्रीय कंदपिके संशोधन संस्था आहे, तिथेही या सापळ्यांवर काम झालं आहे. औषधं फवारण्यापेक्षा हे कितीतरी बरं, नाही का?

शेवटी मावशीचं सांगते. मी तिची माफी मागितली. चारचौघांत बोलले होते, म्हणून चारचौघांतच मागितली. आणि तेव्हापासून एक नेम केला. रताळी फक्त शिवरात्रीला न आणता, हंगाम सुरू झाला की दर पंधरा दिवसांनी किलोभर आणते. कधी उकडून दुधातून, कधी कीस, कधी मुलांना डब्यात पुरणपोळीसारख्या गोड पोळ्या. शेजारच्या चार-पाचजणींनाही सवय लावली. मावशीला वेळेवर गिऱ्हाईक मिळू लागलं, तशी तीही थोडी थोडी रताळी काढून आणू लागली. सगळं रान सणासाठी अडवून ठेवायची गरज उरली नाही.

गेल्या शिवरात्रीला तिने पाटीतून स्वतःच निवडून रताळी दिली. तागडीत घालण्याआधी प्रत्येकाचं देठ अंगठ्याने पुसून दाखवत होती. वर म्हणाली, “ही म्हातारीसाठनं. सांगा, मावशीनं दिल्याती.”

सासूबाईंनी त्या दिवशी दोन चकत्या जास्त मागून घेतल्या.

तुमच्याकडे रताळी किंवा बटाटे टिकवण्याची काही घरगुती रीत असेल, तर जरूर लिहून कळवा. आणि येत्या बाजारी अंगठ्याने माती पुसून पाहायला विसरू नका हं!